बंद दवाखान्यावरून गेलेली डोली

मंडळी, आज सकाळी बिरवाडीत माझ्याकडे दोन मुली आल्या होत्या. आजारी पडल्यावर लोक कुठे जातात, हे त्या वाड्यावाड्यांतून फिरून विचारतात. म्हणाल्या, "बाई, तुम्हीही पूर्वी हे काम केलं होतंत ना? त्याचं पुढे काय झालं?"

केलं होतं. ऐंशीच्या दशकात मी पोलादपूरच्या डोंगरातल्या एका शाळेत शिकवत होते. तिथल्या बौद्धवाडीतल्या सोनाबाईंची लेक साप चावून गेली. डॉक्टरपर्यंत पोचलीच नाही. त्यानंतर सोनाबाई आणि मी घरोघर फिरलो. वेळेवर उपचार न मिळाल्यानं तुमच्याकडचं कोण गेलं, एवढंच विचारत होतो. मग त्या घरांतली माणसं घेऊन तालुक्याच्या सरकारी साहेबांसमोर उभ्या राहिलो.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. दवाखाना मंजूर झाला, इमारतही उभी राहिली. सोनाबाई रोज तिचं अंगण झाडायच्या. डॉक्टर मात्र आलाच नाही.

पुढच्या पावसाळ्यात सोनाबाईंची सून बाळंतपणात अडली. तिची डोली त्याच कुलूपबंद दवाखान्यावरून महाडकडे निघाली. सून आणि बाळ, दोघंही वाटेतच गेली.

नंतर सोनाबाई मला म्हणाल्या, "बाई, आधी वाटायचं, त्यांना ठावं नाय. आता त्यांना समदं ठावं हाय. मग आता कोनाला सांगायचं?"

आज मुलींना मी चहा दिला आणि "दवाखाना झाला" एवढंच सांगितलं. त्या खुशीत पुढच्या वाडीला गेल्या.

तुम्ही असता तर पुढचं सांगितलं असतंत का?