अण्णांची फुंकर

भाताचं कणीस तोडायचं, तळहातावर चोळायचं, फुंकर मारून पोचट दाणे उडवायचे आणि उरलेल्यांकडे बघून म्हणायचं, "पीक खोटं बोलत नाही." मग आकडा सांगायचा. अण्णा म्हटलं की मला तो तळहात आठवतो.

अण्णा खोतांचे माणूस. देवरुखच्या अंगाला आमचं गाव. सरकारचा सारा खोत भरायचे आणि आम्हा कुळांकडून निम्मं भात घ्यायचे. निम्मं कशाचं? पिकलेल्या भाताचं नव्हे, तर अण्णा उभ्या पिकाचा जो अंदाज सांगतील त्याचं. त्याला अभावणी म्हणायचे. कुळाने बांधावर 'कबूल' म्हटलं की झालं. 'नाकबूल' म्हटलं तर अण्णांनी पुन्हा बघायचं, असा रिवाज.

आता गंमत बघा. आमचे पुरुष मुंबईला गिरणीत. गणपतीला यायचे, गौरी गेल्या की बोटीने परत. अभावणी आश्विनात. म्हणजे बांधावर आम्ही बायका. आणि बाई गप्प राहिली की ते कबूल, हे कुठे लिहिलं होतं देव जाणे.

तसे अण्णा वाईट नव्हते. छत्री कायम काखेत मिटलेली, उन्हातसुद्धा. उघडली तर झिजते म्हणायचे. प्रत्येक बांधावर पाणी मागायचे आणि विचारायचे, "काय गो, घरकरी पैसे धाडतो ना? मग तुला इतकं भात कशाला?" उत्तराला मात्र थांबायचे नाहीत.

माझ्या लग्नाचं तिसरं वर्ष. भात फुलोऱ्यावर असताना पाऊस बदाबदा कोसळला होता. दुरून शेत भरगच्च, पण निम्मे दाणे पोचट. शेजारच्या शेतात तिथला म्हातारा स्वतः उभा होता. अण्णा तिथे आत उतरले, कणीस चोळलं, फुंकर मारली. मग आमच्या बांधावर आले, उभ्या उभ्या नजर टाकली.

"सात मण."

भरलेलं कणीस वाकतं, पोचट ताठ राहतं. हे अण्णांना ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. त्यांनी बघितलंच नव्हतं. सातांतले साडेतीन खोतांना गेले असते, तर आमची चूल शिमग्याआधीच थंड पडली असती.

"नाकबूल," मी म्हटलं. सासूने मागून पदर ओढला.

"काय म्हणालीस?"

"नाकबूल. माझा कणीस चोळलात काय?"

"घरकरी कुठाय तुझा?"

"गिरणीत. तो हितं असता तरी पोचट दाणा भरला नसता."

अण्णांनी वहाणा काढल्या. उतरले. एक कणीस चोळलं, फुंकर मारली, निम्मं उडालं. दुसरं चोळलं. तेही तसंच.

"पीक खोटा बोलत नाय," मी म्हटलं. सासूने कपाळाला हात लावला.

"साडेचार मण. कबूल?" अण्णांनी विचारलं. बाईला असं विचारलेलं आमच्या गावाने तोवर ऐकलं नव्हतं.

"कबूल."

चार पावलं गेले आणि थांबले. "माझंही शेत आहे, पलीकडच्या गावात. तिथली अभावणी दुसरा करतो. मी या दिवसांत इथे. बांधावर आमची ही असते. गप्प."

"मग घरकरणीला चोळायला शिकवा की."

छत्री काखेत दाबून गेले. पुढच्या वर्षापासून मात्र न सांगता प्रत्येकीच्या शेतात उतरायचे. वर माझ्या नावाने कुरकुर, "हिने माझ्या पायाला चिखल लावला."

पुढे बऱ्याच वर्षांनी, भादव्यात, अण्णा गेले. तेरावा उलटल्यावर मी भेटायला गेले, तर त्यांच्या घराला कडी. त्यांच्या गावात त्या दिवशी अभावणी होती. तशीच शेताकडे गेले. बांधावर एक तरणा माणूस वही घेऊन उभा, आणि त्याच्यासमोर भातात उभी राहून अण्णांची बायको. आपला तळहात तिने त्याच्या तोंडापुढे धरला होता.

"आकडा मागनं सांग," ती म्हणत होती. "आधी फुंक मार."