उणे पडले त्या रविवारी

आमच्या चर्चचे आदरणीय पाळकसाहेब शांतवनराव यांची पहिली ओळख झाली ती त्यांच्या सायकलच्या किरकिरीने. लग्न होऊन मी भिंगारहून पारनेर तालुक्यातल्या या गावी नुकतीच आले होते. साहेब दारात उतरले, चहा घेतला आणि म्हणाले, "या घराला तेविसावं स्तोत्र." प्रत्येक ख्रिस्ती घराला बायबलातले एक स्तोत्र नेमून द्यायचे आणि पाळी येईल त्या रविवारी त्या घराने ते प्रार्थनामंदिरात मंडळीपुढे तोंडपाठ म्हणायचे, ही पद्धत त्यांचीच. मला हसू आले. शाळेत मुलांकडून पाठांतर करून घेणारी मी, आता माझ्याच मागे पाठांतर लागले!

मेंढपाळाचे ते स्तोत्र मी आणि माझे यजमान जोडीने म्हणत असू. पाळकसाहेब साथ देत. सूर सोडून बाकी सगळे देत. देवासमोर चालायचे तर त्याच्याशी खोटे बोलायचे नाही, हे त्यांचे नेहमीचे सांगणे. आम्ही माना डोलवत असू.

तिसऱ्या वर्षी यजमान तापाने गेले. पुढे आमच्या घराची पाळी आली. मी एकटीच उभी राहिले. देव मेंढपाळ आहे, इथवर म्हटले. मला काही उणे पडणार नाही, हे पुढचे तोंडातून निघेना. भरल्या मंदिरात मी म्हणाले, "साहेब, मला उणं पडलंय. हे मला म्हणवत नाही. मी इथं यावं की नाही, तुम्हीच सांगा."

"देवाच्या घरात आसं बोलू न्हाई, बाई," मंडळीतले वडीलधारे येशूदासबाबा कळवळून म्हणाले.

पाळकसाहेब खाली उतरले. "बाबा, बाई देवाशी खरं बोलतायत. बाई, तुम्ही बसा. आज तुमचं स्तोत्र मंडळी म्हणेल." सगळे उठले आणि माझे स्तोत्र माझ्यासाठी म्हणाले. मी बसून पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी सायकल पुन्हा दारात. त्यांनी मला तेरावे स्तोत्र दिले. देवा, मला कुठवर विसरणार, असे विचारणारे. "रागानं म्हणा, पण त्याच्याकडं तोंड करून म्हणा," म्हणाले. मी वर्षभर तेच म्हणत राहिले. मग एका रविवारी मंडळीबरोबर तेविसावेही म्हणू लागले. माझा विश्वास आज टिकून आहे तो साहेबांनी मला बसू दिले म्हणून, हे मी कृतज्ञतेने लिहिते.

यंदाच्या दुष्काळात अर्धी मंडळी सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते. साहेब या वयात तिथे जाऊन दुपारच्या सुट्टीत प्रार्थना घेतात. अशातच हिवाळ्यात त्यांच्या पत्नी रूथबाई गेल्या. थोड्याच दिवसांत पाळकांच्या घराची पाळी आली. त्यांचे स्तोत्र उपकारस्तुतीचे, देवाचे आभार मानणारे. साहेब उभे राहिले, ओठ हलले, आवाज आला नाही.

मला राहवले नाही. "साहेब, तुम्ही बसा," मी म्हणाले.

येशूदासबाबा माझ्या आधीच उठले होते. खडीने फोड आलेले हात जोडून म्हणाले, "व्हय साहेब, बसा. आज आमी म्हनतो."

साहेब निमूटपणे बसले. आम्ही म्हटले.

पाळकसाहेबांनी आता पंच्याहत्तरी पूर्ण केली आहे. देव त्यांना उदंड, निरोगी आयुष्य देवो आणि ती सायकल आमच्या दारांत किरकिरत राहो. म्हणवेल त्या रविवारी त्यांनी आपल्या बेसूर आवाजात खुशाल म्हणावे. न म्हणवेल त्या रविवारी नुसते येऊन बसावे. आम्ही उभे आहोत.