पावडरमावशीचा हात

पावडरमावशीच्या जिभेला हाड नव्हतं, हात मात्र लोण्यासारखा मऊ. काळ्या लोकांच्या वस्तीतल्या बायका सलूनमध्ये तिच्याच खुर्चीसाठी थांबायच्या. बाजारात मिळते ती पावडर गोऱ्यांच्या रंगाची. मावशी चार डब्यांतून घेऊन जिचा तिचा रंग बनवायची. मुलगा म्हणून जन्मलेल्या आणि त्यापायी घराबाहेर काढलेल्या मैनेला तिनंच पदरात घेतलं, हाती कंगवा दिला.

त्या मैनेला बसथांब्यावर तिघांनी मारून टाकलं. आधी रंगावरून शिव्या, मग झग्यावरून, मग लाथा. मागे मैनेसारख्याच एका गोऱ्या मुलीला मारलं, तेव्हा निदान तिचा फोटो तरी छापून आला होता. मैनेच्या वाट्याला दोन ओळी आल्या, त्याही तिनं कधीच टाकून दिलेल्या पुरुषी नावानं. मावशीनं तो पेपर टराटरा फाडला.

अंत्यविधीच्या हॉलमध्ये प्रेतं सजवणाऱ्या माणसानं मैनेला पावडर फासून पांढरीफटक करून ठेवली होती.

"आमच्याकडे हाच रंग असतो," तो म्हणाला.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग तुझ्याच तोंडाला फास!" म्हणत तिनं सगळं पुसलं आणि आपले डबे उघडले. पोरगी जाईल ती आपल्या रंगात, आपल्या रूपात! सुजलेला गाल, फुटलेली भुवई, गळ्यावरचे वळ, सगळ्यावरून सवयीनं हात फिरत राहिला. मैना झोपल्यासारखी दिसू लागली.

तेवढ्यात तपासाचा साहेब आला. शवपेटीत डोकावून कोपऱ्यात बसलेल्या मैनेच्या आईला म्हणाला, "एवढं मारलं असतं तर दिसलं नसतं का? तुमच्या वस्तीत ढकलाढकली रोजचीच. उगाच ताणू नका, मिटवून टाकू."

मावशीनं मैनेच्या झाकलेल्या गालाकडे पाहिलं. जन्मभर नवऱ्यांचा मार खाल्लेल्या बायकांचे वळ झाकून तिचा हात इतका तयार झाला होता, की आज मारेकऱ्यांचं पापही तिनंच झाकलं होतं. स्वतःचीच चीड आली तिला. रंग उतरवायच्या क्रीममध्ये कापूस बुडवला खरा, पण मैनेचे वळ पुन्हा उघडे पाडायला हात धजेना.

मैनेची आई उठली. लेकीला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू न देणारी बाई ती. "आण इकडे," म्हणाली आणि पुसायला लागली. जांभळा गाल उघडा पडला, मग भुवई, मग गळा.

साहेबानं तोंड फिरवलं.

"इकडे बघ!" आई ओरडली. "माझ्या पोरीला कसं मारलंय ते बघ, आणि मग सांग मला मिटवायला!"