मुरगूडच्या एसटीतलं कुत्रं
एसटीच्या डिझेलचा वास आला की मला मुरगूडच्या प्रवासाची ती दुपार आठवते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वडील गेले आणि त्यांचं लहानसं पांढरं कुत्रं अन्नाला तोंड लावेना, म्हणून ते मुरगूडला आत्याकडे न्यायचं ठरलं. मंगळवार पेठेतून निघताना मी टोपलीत वडिलांचा सदरा अंथरला. ओळखीच्या वासाने ते प्रवासात शांत राहील, असं कुठंतरी वाचलं होतं. तरी बस सुटताच ते थरथरू लागलं, मग विव्हळू लागलं. कंडक्टर म्हणाला, “वरडलं तर कागलला उतरवीन. मागनं बोलायचं न्हाय.” शेजारच्या म्हातारबाईंनी सदरा उचलून नाकाशी धरला. “पावणं, ह्याला साबणाचा वास हाय की. माणसाचा कुठं हाय?” सुतक फिटल्यावर आईने घरातला कपडा न् कपडा धुतला होता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. धुवायचं राहिलं होतं ते फक्त माझ्या मनगटावरचं वडिलांचं घड्याळ. ते मी टोपलीत ठेवलं. कुत्र्याने घड्याळाचा चामडी पट्टा हुंगला, त्यावर हनुवटी टेकली आणि कागल मागे पडलं तरी ते हललं नाही. “झोपलं व्हय?” कंडक्टरने हळूच विचारलं. आत्याच्या घरी पट्टा कुत्र्यापाशी ठेवायचा म्हणून मी तो घड्याळापासून सोडवला आणि ठेवण्याआधी बराच वेळ नाकाशी धरला. मला चामड्याचाच वास आला. वडील त्यात नेमके कुठे होते, हे त्या कुत्र्याला विचारता आलं असतं तर, असं मला अजूनही वाटतं.