मास्तरांच्या घरचा मलिदा

रेल्वेत नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. गाडी चुकलेला प्रत्येक माणूस एखादा ठेवूनच जातो. नंदुरबारच्या पुढे, नवापूरच्या वाटेवरच्या एका स्टेशनावर मी तिकीटबाबू होतो, तेव्हाचे हे.

आमचे स्टेशनमास्तर बन्यामिन, कोकणातले ज्यू. त्यांच्या घरची रीत अशी, की आलेल्याला आधी खायला घालायचं, नावगाव मग विचारायचं. आणि आमचं गाव! जात कळल्याशिवाय पाण्याचा तांब्या जागचा हलायचा नाही.

एका शेटजींनी विचारलंच, "मास्तर, ज्यू म्हणजे नेमके कुठल्या जातीत बसता?"

"पाटावर बसतो. तुम्हीही बसा, पान वाढतोय."

शेटजी उभ्याउभ्याच पळाले.

एक वकील होते. 'अतिथी देवो भव'वर तासभर व्याख्यान ठोकायचे. गाडी लेट झाली की मास्तरांच्या पत्नी रिबकाबाई त्यांना चहा पाठवायच्या. वकील म्हणायचे, "आज एकादशी." एकदा आठवडाभर गाडी लेट होती. आठवडाभर एकादशी! एकादशीला चहा चालतो, हे त्यांना कोण सांगणार?

बाकीचे चहा प्यायचे, पण मागच्या दारानं. तिथं एकदा पाटील आणि कुलकर्णी समोरासमोर आले. दोघंही म्हणाले, "मांजर शोधतोय." मास्तर मला म्हणाले, "आमच्या मूळपुरुषाच्या, अब्राहामच्या तंबूला पाहुण्यांसाठी चारी बाजूंनी दारं होती म्हणतात. का, ते आज कळलं."

मग मास्तरांचा मुलगा विषमज्वरातून उठला. रिबकाबाईंचा नवस होता : पोर वाचलं तर एलियाहू नबीच्या नावानं मलिदा करीन, आणि परक्या माणसानं तो खाल्ल्याशिवाय मी घास घेणार नाही. पोहे भिजवले, गूळ-नारळ घातला, गावात घरोघर आमंत्रण केलं. बाई सकाळपासून उपाशी, दारात उभ्या. कुत्रंही फिरकलं नाही. मी खातो म्हटलं, तर म्हणाल्या, "भावजी, तुम्ही घरचे." असा संताप आला मला गावाचा!

दिवेलागणीच्या गाडीतून डोंगरातला एक म्हातारा भिल्ल उतरला. रिबकाबाई धावल्या, हाताला धरून त्याला पाटावर बसवलं. त्यानं ताट चाटूनपुसून खाल्लं आणि पुन्हा पुढं केलं. बाई रडत रडत वाढत होत्या. मग त्या जेवल्या.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात पाटलाला गाठलं. "आमंत्रण होतं ना? का नाही आलात?"

पाटील आपल्या अहिराणीत म्हणाला, "मास्तरना घर कसं जेवानं, बाबू? मास्तर तं कोनले बी घरमा लेतस."