शिसवाची फळी

मी घरीच गिटार बनवतो. तिच्या पाठीसाठी मुरलेलं शिसव लागतं. ते वखारवाले दाऊदचाचाच मला निवडून देत. फळीवर टिचकी मारून, कान लावून, मलाही ऐकायला लावून, मगच.

परवा गेलो तर त्यांची सून हळूच म्हणाली, “खुणेनं सांगा, भाऊ. अब्बांना आता ऐकू येत नाही.”

तरी चाचांनी एक फळी काढली. टिचकी मारली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

“कशी वाजते रे?”

आवाज बद्द होता, आत तडा असावा. मी मान डोलावली. ते समाधानानं हसले.

फळी घेऊन घरी आलो. ज्यानं ऐकायला शिकवलं, त्यालाच खोटं सांगायची वेळ आपल्यावर येते. चांगलं शिसव आता मलाच शोधावं लागेल, आणि माझ्या कानावर माझा तेवढा विश्वास नाही.