बेवारस किल्ल्यांची निळाई

किल्लीवाल्याचं दुकान जिन्याखालच्या पोकळीत होतं. दोन माणसं आत आली, तर तिसऱ्याला श्वास घ्यायला बाहेर जावं लागायचं. तीस वर्षं किल्ल्या घासून त्याच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. गिऱ्हाईक किल्ली टाकून जायचं आणि परत फिरकायचंच नाही, अशा बेवारस किल्ल्यांचा एक पत्र्याचा डबा त्याच्याकडे होता. बायको म्हणायची, "अहो, भंगारात तरी घाला." तो म्हणायचा, "येईल कुणीतरी."

मुलगी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होती. सुट्टीला आली तेव्हा तिने रसायनांच्या दोन पुड्या आणल्या. "बाबा, या वेगवेगळ्या पाण्यात विरघळवायच्या, मग एकत्र करून ब्रशने कागदावर फासायच्या. अंधारात वाळवायचं. वर काहीतरी ठेवून उन्हात धरायचं आणि पाण्यात धुवायचं. ऊन लागेल तिथे निळं, झाकलेलं राहील तिथे पांढरं. कॅमेऱ्याशिवाय फोटो!"

एवढं सांगून ती परत गेली आणि किल्लीवाला कामाला लागला.

पहिला कागद त्याने फासला आणि कपड्यांच्या दोरीवर, भर उन्हात वाळत घातला. अंधारात वाळवायचं हे साफ विसरला. किल्ली ठेवायच्या आतच कागद काळवंडला. दुसरा त्याने न्हाणीघरात दार लावून वाळवला, पण उन्हात ठेवल्यावर मिनिटभरात धीर सुटला. धुवायला घेतला तर सगळा रंग पाण्याबरोबर वाहून गेला. तिसऱ्यावर मात्र किल्ली छान उमटली. हा गडी खूश! अजून उजळ व्हावी म्हणून त्याने कागद कपड्यांच्या साबणात बुडवला. बघता बघता निळा रंग पिवळा पडला.

"हे असलं पिवळं काढायला माझा साबण नासवलात?" बायको कमरेवर हात ठेवून उभी.

मुलीला फोन केला तर ती खो खो हसली. "साबणाने तो रंग उडतोच, बाबा! नुसतं पाणी वापरायचं. आणि वरून काच दाबा, म्हणजे कड स्वच्छ येईल."

काच कुठून आणायची? भिंतीवर लग्नाचा फोटो होता. त्याची चौकट त्याने हळूच उचकटली. बायकोने पाहिलंच. "वा! लग्न मोडायला निघालात की काय?"

"काच तेवढी घेतोय. बाकीचं आहे तसंच आहे."

डब्यातल्या अकरा किल्ल्या कागदावर मांडून, वर काच ठेवून तो गच्चीत पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसला. मग पाणी. किल्ल्यांखालचा न तापलेला पोपटी रंग निघून गेला आणि गडद निळ्यावर अकराच्या अकरा किल्ल्या पांढऱ्याशुभ्र उमटल्या. बायको डोकावली आणि नकळत म्हणाली, "अगंबाई!"

तो कागद त्याने दुकानात टांगला. चार दिवसांनी निवृत्त नर्सबाई कुलपाला तेल घालून घ्यायला आल्या. बोलता बोलता त्यांची नजर वर गेली आणि तिथेच खिळली.

"ती कडेची, मुठीला तीन पाकळ्या असलेली. एक पाकळी तुटलेली. अहो, ती माझी आहे!"

"तुमची?"

"आईच्या पेटीची. दुसरी करायला तुमच्याकडे टाकली, तेवढ्यात माझी बदली झाली आणि टाकल्याचं विसरूनच गेले. मला वाटलं, सामान हलवताना हरवली. बारा वर्षं पेटी बंद आहे. फोडायला मन होत नव्हतं."

किल्लीवाल्याने डबा उपडा केला. पाच मिनिटं खणखणाट झाला आणि किल्ली हाती लागली. नर्सबाई तेल-बिल विसरून तशाच घरी पळाल्या.

संध्याकाळी परत आल्या त्या हसून हसून डोळे पुसत. "दागिने असतील असं घरात सगळ्यांना वाटत होतं. निघालं काय, तर माझी शाळेची प्रगतिपुस्तकं! गणितात सलग तीन वर्षं नापास. आणि नातवंडांना मी सांगत आलेय की मी कायम पहिली यायचे. सगळी टपून बसली होती हो पेटीभोवती! आता घरात कोण ऐकणार माझं?"

"पैसे नकोत," त्यांनी पर्स उघडताच किल्लीवाला हसू दाबत म्हणाला. "किल्ली तुमचीच आहे."

त्या महिन्यात त्याने डब्यातल्या उरलेल्या किल्ल्याही छापल्या. आणखी दोघांनी आपापल्या ओळखल्या. एकाचं कुलूपच हरवलं होतं, पण किल्ली मिळाली म्हणून तोही खूश झाला.

रविवारी दुपारी तो गच्चीत नवा कागद मांडत असताना बायको वर आली. जरा घुटमळली.

"यात माझा हात येईल का हो?"

"येईल की! पण पंधरा मिनिटं हलायचं नाही."

"मला काय सांगता? तुम्हीच धीर धरा." तिने पंजा कागदावर टेकवला आणि पंधराच्या पंधरा मिनिटं त्याला सूचना दिल्या. ब्रश धुवा, धुवायच्या पाण्याचं ताट सरळ धरा, डोक्यावर टोपी घाला.

धुतल्यावर हात सुरेख उमटला. अंगठा मात्र जरा दुहेरी आला होता.

"हललीस," तो म्हणाला.

"बोलत होते," ती म्हणाली आणि ओला कागद दोन्ही हातांनी धरून कितीतरी वेळ बघत राहिली.